जुन्या सीजे थ्रीबी जीपची चेसी ११ इंच वाढवायची आहे, कुठे कापायची आणि वेल्डिंग कसं करायचं?

भोरचा_जीपवाला
नमस्कार मंडळी, घरात वडिलांची सीजे थ्रीबी आहे, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर) ८० इंच. मूळ पेट्रोल इंजिन जाऊन डिझेल इंजिन आणि त्याचाच लांब गिअरबॉक्स वडिलांच्या काळातच बसला, आरसीवर तशी नोंद पण आहे. गिअरबॉक्स लांब असल्याने मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांना जोर पोचवणारा दांडा, एकदम आखूड झालाय. तरी इतकी वर्षं गाडी चालली. मागच्या वर्षी मी स्प्रिंगचे नवीन पाटे टाकून गाडी अडीच इंच वर घेतली, बांधावरून आणि ओढ्यातून जायला खालून लागायची म्हणून, आणि तेव्हापासून मागच्या शाफ्टच्या टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, टिकेनात. तीन वेळा गेले, शेवटचा वरंधा घाटात गेला. पुढच्या चाकांचा ड्राइव्ह लावून कशीबशी खाली आणली, सोबत आई होती, त्या दिवशी खरंच घाबरलो.

त्यात आता पाटे काढले तर डाव्या बाजूची चेसी गिअरबॉक्सच्या क्रॉस मेंबरच्या (चेसीच्या दोन बाजू जोडणारा आडवा भाग) मागे सडलेली निघाली, हातोडीने टोकलं तर पापुद्रे पडतात. म्हणजे तिथे कापावं लागणारच आहे. मग विचार केला की कापतोच आहोत तर दोन्ही बाजू कापून मध्ये ११ इंचाचा तुकडा घालू, व्हीलबेस ९१ होईल, शाफ्ट लांब होईल आणि मागे दोन माणसं नीट बसतील. गावातला फॅब्रिकेटर म्हणतो दोन दिवसांचं काम, बाजारातला १०० बाय ५० चा चॅनेल मध्ये घालू, बाहेरून ८ मिमीची पट्टी मारू, हत्ती बसवला तरी वाकणार नाही. मला पटतंय पण आणि पोटात गोळा पण येतोय. कुणी केलंय का असं काम? कुठे कापू, वेल्डिंगचा कुठला रॉड वापरू, सगळं सांगा.

कराडचा_बॉडीबिल्डर
भोरकर दादा, आधी त्याला सांगा थांब म्हणून. मी २२ वर्षं ट्रकच्या बॉड्या बांधतोय, चेसी वाढवायची कामं पण केलीत आणि दुसऱ्यांनी वाढवलेल्या तुटून आलेल्या पण जोडल्यात, त्यामुळे जरा लांब लिहितो, वाचा.

बाजारातला गरम रोल केलेला चॅनेल जीपच्या चेसीला चालत नाही. त्याची उभी बाजू जवळपास ५ मिमी आणि वरच्या खालच्या कडा त्याहून जाड, शिवाय आतून उताराच्या असतात. तुमची चेसी ३ मिमीच्या आसपासच्या पत्र्यातून दाबून काढलेली आहे. पातळ, जाड, परत पातळ असं झालं की जिथे जाडी बदलते तिथेच सगळा ताण गोळा होतो, चेसी दर खड्ड्याला थोडी पिळते आणि तो पीळ वाटून घ्यायला जागाच राहत नाही. ८ मिमी पट्टीचं पण तेच. लोकांना वाटतं जाड म्हणजे मजबूत, पण मी पाहिलेल्या दहातल्या नऊ चेश्या वेल्डमध्ये तुटत नाहीत, वेल्डच्या शेजारी तुटतात, पट्टीच्या टोकाला. तुकडा हवा तो चेसीच्याच जाडीचा. प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशिनवर, शीट बेंड करून घ्या, व्हर्नियरने मूळ जाडी मोजा, तीही गंज नसलेल्या जागी रंग खरवडून.

कापताना सरळ उभा काप घेऊ नका. वरच्या कडेचा सांधा आणि खालच्या कडेचा सांधा एका रेषेत येता कामा नये, मागेपुढे पाहिजे, म्हणून तिरका काप नाहीतर पायरीसारखा. डावीकडचा आणि उजवीकडचा सांधा पण समोरासमोर नको. पाट्याच्या हँगरपासून आणि क्रॉस मेंबरपासून लांब, जिथे चेसी सरळ आहे तिथेच. सांधा सोडला तर वरच्या खालच्या कडांना पट्टी नाही, भोक नाही, टॅक (वेल्डचा ठिपका) पण नाही. पट्टी फक्त उभ्या बाजूला आणि टोकं निमुळती, पतंगासारखी, म्हणजे शेवट उभ्या रेषेत होत नाही. पट्टीला मधे दोनचार भोकं पाडून ती वेल्डने भरून घ्या, नुसती कडेने फिरवून सोडू नका.

आणि ११ इंचाचा तुकडा म्हणजे एका बाजूला दोन सांधे, दोन्हीकडचे मिळून चार. चारही तेवढेच चांगले व्हायला पाहिजेत, हे लक्षात घ्या.

मिरज_एक्सप्रेस
एवढं काय नाय भावा, आमच्याकडं वडापच्या (खाजगी प्रवासी वाहतुकीच्या) गाड्या बघ, सगळ्या वाढवलेल्या, पंधरा पंधरा माणसं घेऊन पळायच्या, साध्या रॉडनं जोडलेल्या. काय होत नाय.

कराडचा_बॉडीबिल्डर
मिरजकर, त्या गाड्या मागच्या एक्सलच्या मागे वाढवलेल्या असायच्या. व्हीलबेस तोच, फक्त शेपूट लांब. तिथे कापलं तर भार फक्त मागच्या लटकत्या भागाचा येतो. भोरकर दादा दोन एक्सलच्या मधे कापणार आहेत, तिथे इंजिन, गिअरबॉक्स, माणसं, सगळ्याचा भार आणि चढउतारावरचा सगळा पीळ येतो. दोन्ही कामं एकसारखी नाहीत. आणि त्या शेपूटवाल्या गाड्या भरल्यावर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग कसं तरंगायचं ते आमच्या भागात सगळ्यांनी बघितलंय. माझ्याच गल्लीतला एक पोरगा त्यातून कायमचा लंगडा झाला, म्हणून काय होत नाही असं मला म्हणवत नाही.

पत्रा_आणि_पीळ
मी मेकॅनिकल इंजिनिअर, पिंपरीला चेसी आणि सस्पेन्शनच्या टेस्टिंगमध्ये काम करते आणि घरी नवऱ्याची जिप्सी आहे, त्यामुळे विषय जवळचा. कराडच्या दादांनी सांगितलंय ते सगळं बरोबर आहे, कडांना हात लावू नका हे तर शंभर वेळा बरोबर. गाडी भरली की दोन चाकांच्या मधे चेसीची खालची कडा ताणली जाते, वरची दाबली जाते आणि उभ्या बाजूच्या मध्यावर जवळजवळ काहीच नसतं. म्हणून छिद्रं, पट्ट्या, जोड सगळं मध्याजवळ आणि कडा कोऱ्या. खालच्या कडेवरची एक आडवी वेल्डची रेघ म्हणजे आपणच चीर कुठून सुरू व्हायची ते आखून दिलं.

दुसरी गोष्ट लांबीची. तोच चॅनेल, तेवढंच वजन, फक्त अंतर वाढलं तर मधला बाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८० चे ९१ केले तर १.४७ पट, म्हणजे चेसी साधारण ४७ टक्के जास्त लवणार, आणि हा हिशोब जोड अगदी निर्दोष असला तरचा आहे. पोटाखालचं अंतर ८ इंच धरलं तर उंचवट्यावरून जाताना पोट न टेकता मिळणारा कोन साडेबावीस अंशांवरून २० च्या आत येतो. वळायला पण जागा तेवढ्याच प्रमाणात जास्त, भाताच्या खाचरांमधल्या वाटेवर ते रोज जाणवेल. ज्या बांधांसाठी तुम्ही गाडी वर घेतलीत त्यातला काही फायदा इथे परत जाणार.

पण मला वेगळाच प्रश्न आहे. ११ इंच हा आकडा आला कुठून? तुमचा त्रास क्रॉस तुटायचा आहे ना, मग कापायच्या आधी तीन मापं द्या. शाफ्टची लांबी, पुढच्या क्रॉसच्या मध्यापासून मागच्या क्रॉसच्या मध्यापर्यंत. त्या दोन मध्यांमधला उभा फरक, गाडी स्वतःच्या चाकांवर सपाट जमिनीवर उभी असताना, जॅकवर नाही. आणि पाटे बदलायच्या आधी हा फरक किती होता, म्हणजे नेमकी किती वाढ झाली.

भोरचा_जीपवाला
ताई, ९१ असंच घेतलं, लांब जीपचा तेवढा असतो म्हणून. मापं आज घेतली. जुने पाटे परत बसवून एकदा आणि नवे बसवून एकदा, म्हणून वेळ लागला, चुलतभाऊ होता मदतीला. शाफ्ट १९ इंच. उभा फरक नव्या पाट्यांवर ७ इंच, जुन्यावर साडेचार. जाडी चांगल्या जागी ३.२ मिमी, सडलेल्या जागी १.८, आणि एका ठिकाणी व्हर्नियरचं टोक आरपार गेलं.

पत्रा_आणि_पीळ
इतकी नीट मापं घेतलीत, खूप बरं वाटलं. आता बघा. शाफ्ट १९ आणि उतार ७, म्हणजे आडवं अंतर साडेसतराच्या थोडं वर, कोन जवळपास साडेएकवीस अंश. आखूड शाफ्टला रोजच्या चालण्यात हा फार जास्त. क्रॉसचा एक फेरा पूर्ण होताना मागच्या बाजूचा वेग दोनदा वाढतो दोनदा कमी होतो, कोन वाढला की हा चढउतार झपाट्याने वाढतो, दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर शेवटी तो एकमेकांत जिरतो पण मधला शाफ्ट आणि क्रॉसच्या सुया ते सोसतच असतात. नवे पाटे टाकताना मागच्या डिफरेन्शिअलचा नाकाचा कोन बदललात का? बहुतेक नाही, म्हणजे दोन्ही टोकं सारखी पण नाहीत.

आता ११ इंच वाढवले तर तोच ७ इंचाचा उतार साधारण २८.७ इंचांत होतो, कोन पावणेचौदाच्या आसपास. छान. पण नुसते जुने पाटे परत टाकले, व्हीलबेस ८० च ठेवला, तर उतार साडेचार आणि कोन सव्वाचौदा.

म्हणजे चार सांधे, मागची बॉडी, ब्रेकचे पाइप, हँडब्रेकची केबल, नवा शाफ्ट आणि त्याचं बॅलन्सिंग, एवढं सगळं करून तुम्हाला मिळणार अर्धा अंश. तुमचे क्रॉस गिअरबॉक्सने नाही तोडले, त्या अडीच इंचांनी तोडलेत. इतकी वर्षं गाडी चालली हे तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय.

घाटमाथा_७३
मी वकिलीच्या बाजूने लिहितो, कारण हा भाग बरेच जण शेवटी विचारतात. आरसीवर व्हीलबेसचा रकाना असतो. तुमचा तिथे २०३२ मिमी किंवा ८० इंच असणार. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं की निर्मात्याने मूळ दिलेला तपशील आणि आरसीवरचा तपशील यात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे फार स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए मध्ये मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. दंडापेक्षा मला विम्याची भीती जास्त वाटते. उद्या घाटात समोरच्याला लागलं आणि तपासणीत व्हीलबेस ११ इंच जास्त निघाला तर विमा कंपनी हात वर करायला बघणार, आणि भरपाईची मागणी तुमच्या घरावर येणार.

आणि एक हात जोडून सांगतो, कुणी दुसरी लांब चेसी आणून तुमचा नंबर त्यावर ठोकून देतो म्हणालं तर त्याच्या वाऱ्याला उभं राहू नका. चेसी नंबर म्हणजे गाडीची ओळख, त्याला ग्राइंडर लावणं हा सरळ गुन्हा आहे. दुरुस्ती करताना पण तो भाग कापू नका, वर टेप लावून झाकून ठेवा, आधी आणि नंतर फोटो काढून ठेवा. ज्यांच्या गाड्या फक्त स्पर्धेच्या, ट्रेलरवरून जातात आणि ट्रेलरवरून येतात, त्यांचा विचार वेगळा. तुमची गाडी भोरच्या बाजाराला जाते.

मिरज_एक्सप्रेस
मानलं ताई. मी वर जे लिहिलं ते घाईत लिहिलं, मागं घेतो.

भोरचा_जीपवाला
खरं सांगतो, काल रात्री सगळं दोनदा वाचलं. वाढवायचं रद्द. जुने पाटे भोरमध्ये दाखवले, दोन पानं बदलून आणि कमान भरून मिळतील म्हणाला. पण सडलेला भाग तर कापावाच लागणार ना, डाव्या बाजूचा साधारण १४ इंच. म्हणजे ८० चे ८० च ठेवून तुकडा घालायचा. मग कराडच्या दादांनी सांगितलेलं सगळं लागूच आहे. दादा, आता क्रमाने सांगाल का? ते काम जो करेल त्याच्या समोर मी उभा राहणार आहे.

कराडचा_बॉडीबिल्डर
शाब्बास. आता नीट ऐका.

कापायच्या आधी गाडी घोड्यांवर घ्या, चारही घोड्या चेसीखाली, एक्सलखाली नको. लेव्हल पाइपने चारही कोपरे पाण्यात, म्हणजे एका पातळीत, आणा, गवंडी वापरतो तोच पाइप, त्याच्याइतकं खरं दुसरं काही नाही. मग चेसीवर चार ठिकाणं ठरवा, पाट्यांच्या पिनांची भोकं सगळ्यात चांगली, तिथून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा आणि तिरपी मापं घ्या, पुढची डावी ते मागची उजवी आणि उलट. लिहून ठेवा, भिंतीवर खडूने लिहा. हे झाल्यावर सडलेल्या भागाच्या पुढून मागून चेसीला वरच्या अंगाने जाड अँगल बोल्टने बांधा, जी भोकं आधीपासून आहेत त्यातूनच, आणि डावी उजवी चेसी एकमेकींना आडवी बांधा. कापल्यावर चेसी मोकळी होते आणि २ मिमी सुद्धा सरकली तर पुढे गाडी कायम एका बाजूला तोंड करून चालते.

बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटर काढा. डिझेलची टाकी बाहेर, ब्रेकचा पाइप त्या बाजूचा पूर्ण काढा आणि नवीन टाका, मूळ मापाचीच नळी, टोक दुहेरी फ्लेअर (दुमडून पसरवलेलं) केलेलं. जुना पाइप मधे जोडायचा नाही. वेल्डिंगची अर्थ सांध्याच्या शेजारी स्वच्छ पत्र्याला लावा, एक्सलला किंवा गिअरबॉक्सला लावलीत तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खलास.

तुकड्याच्या आणि चेसीच्या कापलेल्या टोकांना ३० अंशाची धार काढा, मधे २ मिमी फट ठेवा, आतून आधाराला पातळ पट्टी. रंग, गंज, तेल दोन्ही बाजूंनी इंचभर तरी घासून चकचकीत. सीओटू वेल्डिंगचं मशिन असेल तर उत्तम, पण मोकळ्या वाऱ्यात नको, गॅस उडतो आणि वेल्डला भोकं पडतात. रॉडने करणार असाल तर ७०१८, बारा नंबर, म्हणजे अडीच मिमी. तुमच्या फॅब्रिकेटरचा साधा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्यावर ७०१८ नीट जळत नाही, डीसी इन्व्हर्टर भाड्याने आणा. आणि रॉड कोरडा पाहिजे. तुमच्याकडे भोरला पावसात हवा किती ओली असते ते तुम्हाला माहीत आहे, उघड्या पुड्यातला ७०१८ म्हणजे पाणी प्यायलेला रॉड, त्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि चीर दुसऱ्या दिवशी सुद्धा येऊ शकते. मोठ्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये रॉडची भट्टी असते, तिथून ३०० अंशांवर तासभर तापवून गरमच डब्यात आणा. दिवाळीनंतर करा जमलं तर.

आधी सगळीकडून टॅक, परत तिरपी मापं. मग एका दमात ओढू नका, थोडं वर, थोडं खाली, थोडं समोरच्या सांध्यावर, हात लागेल इतकं थंड होऊ द्यायचं, पाणी मारायचं नाही. प्रत्येक सांधा एक दीड मिमी ओढतोच, ते धरूनच फट ठेवायची. उभ्या बाजूची पट्टी सगळ्यात शेवटी, ३ मिमीचीच.

पत्रा_आणि_पीळ
यात माझी एकच भर. पट्टी मारायच्या आधी सांध्याची डीपी टेस्ट करून घ्या. तीन स्प्रे असतात, क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. लाल मारून दहा पंधरा मिनिटं थांबायचं, पुसायचं, पांढरा मारायचा, चीर किंवा भोक असेल तर लाल रेघ वर येते. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्याकडे मिळतात. पट्टी बसली की खालचं कुणालाच दिसत नाही, तुम्हालाही नाही, म्हणून त्याआधीच.

भोरचा_जीपवाला
दिवाळीनंतर आलोय परत. काम शिरवळच्या एका शॉपमध्ये करून घेतलं, दोन दिवसांचं नाही, सहा दिवसांचं झालं. तुकडा ३.१५ च्या शीटमधून बेंड करून घेतला. कापायच्या आधीची तिरपी मापं आणि वेल्डिंगनंतरची यात एका बाजूला १ मिमी फरक, दुसरीला काहीच नाही. डीपीमध्ये मागच्या सांध्याला खालच्या कोपऱ्यात एक टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका आला, वेल्डर म्हणाला एवढं चालतं, मी नाही म्हटलं, त्याने काहीही न बोलता घासून परत भरला आणि दुसऱ्यांदा पांढराच राहिला. आतून गंजरोधक आणि वरून रंग मारलाय, चिखल साचायचा त्या कोपऱ्याला पाणी जायला मूळ भोक बुजलेलं होतं ते मोकळं केलं.

जुने पाटे बसवले, कोन मोबाइलवर मोजला तर १४ दाखवतो. कालच वरंध्याने महाडला जाऊन आलो, आई पुढच्याच सीटवर होती. शाफ्टचा आवाज नाही. बांधावर खालून लागतं थोडं, त्यासाठी गिअरबॉक्सखाली ४ मिमीची संरक्षक प्लेट करायचा विचार आहे, बोल्टवर बसणारी, चेसीला वेल्ड न करता. दादा, त्यासाठी क्रॉस मेंबरची आहेत तीच भोकं वापरली तर चालेल ना?

कराडचा_बॉडीबिल्डर
चालेल. बोल्ट फक्त १०.९ ग्रेडचे घ्या, आणि प्लेटला मागच्या बाजूला चिखल पडायला दोन मोठी भोकं ठेवा.